गिऱ्हाईक सोडायचं नाही

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद,
हिंगोली



मी सेनगाव तालुक्यातल्या एका गावची, हिंगोलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. दुकानात गिऱ्हाइकाच्या मागे लागून नको असलेला माल त्याच्या गळ्यात मारायची जी रीत आपल्या जिल्ह्यात पक्की होत चालली आहे, तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्यासारख्यांना जे काम मिळतं, त्याबद्दलही. पहिल्या गोष्टीसाठी ग्राहक आयोगाकडे जा आणि दुसरीसाठी रोजगार कार्यालयात, असं सांगणारे भेटतील. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं आहे, आणि जिल्ह्यातल्या रोजगाराचा आणि कौशल्य विकासाचा आढावाही आपल्याच दालनात होतो. दोन्ही फायली एकाच टेबलावर येतात. मला तर ती एकच फाईल वाटते, म्हणून हे पत्र.

आधी आमच्या वर्षाचं गणित सांगते, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्या जिल्ह्यात मजुरीचा मोठा हंगाम हळदीचा. जानेवारी-फेब्रुवारीत काढणी लागते, मग शिजवणं, वाळवणं, ढोलात फिरवून पॉलिश करणं, असं एप्रिलपर्यंत हाताला काम असतं. नेमक्या त्याच महिन्यांत आमच्या तासिका, प्रकल्पांच्या वह्या आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा. पेपर संपून आम्ही मोकळे होतो तोवर रानही मोकळं झालेलं असतं. मे महिन्यात शेतात मजुराला काय काम? नांगरट ट्रॅक्टर करतो. त्या दिवसांत माणसं लागतात ती दुकानांना. लगीनसराई असते म्हणून कापडवाल्यांना, सुट्टीत नवा फोन घेतला जातो म्हणून मोबाइलवाल्यांना, आणि मृग जवळ आला की कृषी सेवा केंद्रांना. त्यामुळे सुट्टीत चार पैसे कमवायचं मनात आणणारा विद्यार्थी इथे आपोआप विक्रेता होतो. ज्याला ते नको तो संध्याकाळच्या पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसतो आणि चाकण-रांजणगावच्या एखाद्या ठेकेदाराकडे दोन महिने राबून येतो. मुलींना घरून तेवढीही परवानगी नसते.

काम मिळतं ते ओळखीनं. कुणाचा मामा त्या दुकानात असतो, कुणाचे वडील तिथे वर्षानुवर्षं उधारीवर माल घेतात. ओळखीनं मिळालेल्या कामात पगार किती आणि तास किती हे विचारणं उद्धटपणाचं मानतात. शेठ म्हणतात, "आधी काम तर बघू दे बाई तुझं, पगाराचं पळून चाललं का?" लेखी काही नसतं. मी एका कापड दुकानात राहिले. त्याचं नाव लिहीत नाही. रीत गावभर सारखीच आहे, आणि नाव घेतलं की हे पत्र एका दुकानाविरुद्धची तक्रार होऊन बसेल.

तिथे पहिल्या सकाळी मला कापड कसं ओळखायचं ते कुणी शिकवलं नाही. सुती कोणतं, मिक्स कोणतं, रंग कशाचा जाईल, काही नाही. शिकवलं ते एकच वाक्य : गिऱ्हाईक सोडायचं नाही. पायरी चढलेला माणूस पिशवीशिवाय उतरला तर तो कुणाच्या काउंटरवरून गेला हे शेठ विचारणार. बांधलेला पगार थोडा, बाकी सगळं 'पॉइंट'वर. पॉइंट कशावर? चांगल्या, मागणी असलेल्या मालावर नाही, तो तर आपसूक जातो. गेल्या दिवाळीपासून पडून असलेल्या साडीच्या घडीत एक लाल ठिपका चिकटवलेला असतो. ती विकली की पॉइंट. गिऱ्हाइकाला त्या ठिपक्याचा अर्थ माहीत नसतो. त्याला वाटतं, पोरगी मनापासून सांगते आहे की हीच तुम्हाला शोभते.

आता बस्त्याचं सांगते, कारण आपल्याकडची सगळ्यात मोठी खरेदी तीच. वीस-पंचवीस माणसं येतात. मुलीकडची, मुलाकडची, मधले सोयरे, लेकरं. गादीवर बसवायचं, थंडगार पाणी, मग चहा, लेकरांना मठ्ठा, मोठ्या दुकानात दुपारचं जेवणसुद्धा. ही जुनी रीत आहे आणि तिच्यात आपुलकी नसतेच असं मी म्हणणार नाही. लांबून उन्हातान्हात आलेल्या माणसांना पाणी देणं चांगलंच. पण चहा पोटात गेला की उठून दुसऱ्या दुकानात जाणं जड पडतं, हे दुकानाला पक्कं ठाऊक असतं. मग आहेराच्या साड्यांचा गठ्ठा सुटतो, मग शालू, मग नवरदेवाचा पोशाख, मग मानपानाचे टॉवेल-टोप्या. मुलीचे वडील मागे खांबाला टेकून बसलेले असतात आणि मनात बेरीज चाललेली असते. त्यांच्या खिशातला पैसा बहुतेक वेळा आडत्याकडून हळदीच्या भरवशावर उचललेला, नाहीतर ऊसतोडीच्या मुकादमाची उचल. सेल्समन त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही. तो बोलतो मावशीशी. "मावशी, भाचीचं लग्न काय रोज रोज असतं का? व्याहीबुवा बसलेत, त्यांच्यासमोर हलकं कसं दाखवू?" संपलं. व्याह्यांसमोर 'नको, परवडत नाही' हे वाक्य मराठवाड्यात कुणाच्या तोंडून निघत नाही. सेल्समननं साडी विकलेली नसते, त्यानं व्याह्यांची हजेरी विकलेली असते.

त्याच दुकानात एक जुने काका होते. ते आधी विचारायचे, कुठल्या गावचे, कार्य कधी, साड्या किती, साधारण किती रुपयांत बसवायचं. मग मोजक्या साड्या काढायचे. "ही घ्या, ही धुण्यात टिकते. ती नका घेऊ, दोन महिन्यांत जर काळी पडते." त्यांचं गिऱ्हाईक पुढच्या लग्नाला त्यांचंच नाव विचारत यायचं. महिन्याच्या हिशोबात मात्र काकांचे पॉइंट सगळ्यात कमी निघत आणि शेठ सगळ्यांसमोर त्यांना बोलत. मला विक्री शिकायची असेल तर ती त्यांच्याकडून शिकायची होती. माझं आता असं मत झालं आहे की मालाची माहिती नसलेलाच माणूस मागे लागतो. आणि दोन महिन्यांसाठी ठेवलेल्या पोराला मालाची माहिती द्यायला कुणाला वेळ नाही, म्हणून त्याला मागे लागणं शिकवतात. ते एका दिवसात येतं.

मोबाइलच्या दुकानात कापडाइतकी माणसाची ऊब नसते, बाकी सगळं तेच. माझ्या वर्गातला एकजण तिथे होता. फोनच्या किमतीत दुकानाला फारसं सुटत नाही. सुटतं ते काचेत, कव्हरमध्ये, विम्यात आणि हप्त्यावर कर्ज करून देण्यात. म्हणून रोख पैसे घेऊन आलेल्या माणसालाही हप्त्याकडे वळवायचं. खेड्यातला म्हातारा नातवासाठी फोन घ्यायला आला की बाहेर पडेपर्यंत त्याच्या खात्यातून दरमहा काय काय कापलं जाणार आहे हे त्यालाही सांगता येत नाही. बिल मागितलं की आधी मोबाइल नंबर मागतात. बिलासाठी नंबर देण्याची सक्ती करू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच दिली आहे. हिंगोलीच्या बाजारात ती कुणी वाचून दाखवली नसावी.

आता एक विचित्र गोष्ट बघा. याच केंद्र सरकारनं 30 नोव्हेंबर 2023 रोजी 'डार्क पॅटर्न'बद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ऑनलाइन विक्रीत गिऱ्हाइकाला फसवायच्या, दमवायच्या तेरा तऱ्हा त्यात नावानिशी दिल्या आहेत. 'फक्त दोनच उरलेत' असं खोटं सांगून घाई करणं, न विचारता टोपलीत जादा वस्तू टाकणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, पुन्हा पुन्हा तेच विचारून बेजार करणं. वाचताना मला हसूच आलं. ही तर आमच्या काउंटरची कामाची यादी. 'व्याहीबुवा बसलेत' हे लाजवणंच की. 'हा शेवटचा पीस, मागून माल नाही' ही खोटी घाईच. पण ती तत्त्वं ऑनलाइन दुकानांना लागू आहेत, गादीवरच्या दुकानाला नाहीत. मोबाइलच्या पडद्यानं मला लाजवलं तर तो गैरप्रकार, आणि माणसानं माणसाला सोयऱ्यांदेखत लाजवलं तर ते विक्रीकौशल्य! पडदा निदान बंद करून खिशात टाकता येतो.

कापड आणि मोबाइल एक वेळ सोडून देता येतील. साडी महाग पडली तरी साडी घरात राहते. खरी झळ जूनमध्ये लागते. कृषी सेवा केंद्रात जे चालतं त्याला आमच्याकडे सरळ 'लिंकिंग' म्हणतात, लहान पोरालाही तो शब्द माहीत आहे. डीएपीचं पोतं 1350 रुपयांना, युरियाची 45 किलोची गोणी साडेसहासष्ट वर दोनशे, म्हणजे 266 रुपये 50 पैशांना. किमती सरकारनं बांधलेल्या, गोणीवर छापलेल्या. त्या किमतीला मिळतंही, पण एकटं मिळत नाही. सोबत नॅनो खताची बाटली घ्या, नाहीतर सूक्ष्म अन्नद्रव्याची पिशवी, नाहीतर कुणी ऐकलं नाही अशा कंपनीचं टॉनिक. पाऊस पडून गेलेला असतो, वाफसा निघून चाललेला असतो, मागे रांग असते. माझ्या बाबांनी मागच्या एका खरिपात आणलेली तसली बाटली अजून गोठ्याच्या देवळीत आहे. ती कशावर मारायची हे दुकानातल्या पोरालाही सांगता आलं नव्हतं. "मामा, एकटं डीएपी येत नाही, किटच घ्यावं लागतंय," एवढंच तो म्हणाला. पोरगा ओळखीचा होता. बारावी करून सुट्टीत लागलेला.

कायदा याबाबत मुळीच गप्प नाही. एक वस्तू हवी तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं ही 2019 च्या कायद्यात 'निर्बंधक व्यापारी प्रथा' म्हणून लिहिलेली आहे. शेतकरी हा ग्राहक आहे की नाही, हा वादही सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात मिटवला आहे : बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच. 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्यानं साठा आणि दर फलकावर लावायचा असतो आणि पावती द्यायची असते. जुलै 2025 मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, अनुदानित खताबरोबर नॅनो खतं आणि इतर माल बळजबरीनं जोडून विकणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. म्हणजे दिल्लीपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत आहे.

मग थांबत का नाही? कारण पकडला जातो तो काउंटरवरचा. विक्रेत्यांची संघटना 'माफदा' जाहीरपणे सांगत आली आहे की लिंकिंग आमच्यावर कंपन्या लादतात. खताच्या गाडीबरोबर इतर माल उचलावाच लागतो, तो आम्ही कुठे घालायचा? यात तथ्य आहे, आणि थोडी सोयही आहे, कारण उचललेल्या मालावर नफा विक्रेत्यालाच मिळतो. पण साखळी बघा. कंपनीला आकडा गाठायचा आहे म्हणून ती वितरकाच्या मागे, वितरक दुकानदाराच्या मागे, शेठ पोराच्या मागे, आणि पोरगं माझ्या बाबांच्या मागे. वरून ढकललेली गोणी घरंगळत शेवटी ज्याला खाली कुणी नाही त्याच्या अंगावर येऊन थांबते. आणि या साखळीत स्वतःच्या तोंडानं खोटं बोलायची वेळ फक्त एकावर येते, त्या दोन महिन्यांच्या नोकरावर. कंपनीचा अधिकारी कधीच म्हणत नाही की एकटं डीएपी येत नाही. ते वाक्य आमच्यासाठी राखून ठेवलेलं आहे.

हे हिंगोलीतच चालतं असंही नाही. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो नावाच्या बड्या बँकेनं प्रत्येक गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त खाती विकायचं टार्गेट शाखांना दिलं होतं. टार्गेटपायी कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता त्यांच्या नावे लाखो खाती उघडली. 2016 साली प्रकरण बाहेर आलं, बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. पण त्याआधी काही वर्षांत बँकेनं सुमारे 5,300 कर्मचाऱ्यांना कामावरून काढून टाकलं होतं, आणि त्यातले बहुतेक खालच्या पगाराचे. टार्गेट ठरवणाऱ्यांपर्यंत हिशोब पोचायला फार उशीर झाला.

म्हणून मला वाटतं, दुकानातल्या मुलामुलींना 'सौजन्यानं वागा' असं प्रशिक्षण देऊन काही होणार नाही. ज्याचा पगार लाल ठिपक्यावर अवलंबून आहे तो ठिपकाच विकणार. पगार बांधून द्या, मग बघा तो किती मागे लागतो ते.

दुकानदारांची बाजू मला दिसते. भाडं, वीज, उधारी, आणि घरबसल्या फोनवर माल मागवणारं गिऱ्हाईक. दुकानात येऊन साडी अंगावर लावून फोटो काढायचा आणि तीच ऑनलाइन शोधायची, असं करणाऱ्या माझ्याच मैत्रिणी आहेत. लोक पुण्याच्या दुकानदारांवर विनोद करतात की त्यांना माल विकायचाच नसतो. आमच्याकडे उलटं झालंय, इतकं की घाबरून लोक काचेतून बघतात आणि आत येत नाहीत. 'फक्त बघायचंय' म्हणणाऱ्याला सुखानं बघू देणारं दुकान मला तरी गावात सापडायचं आहे. ते सापडलं तर मी तिथेच घेईन, आणि आईलाही नेईन.

आता कामाच्या अटींकडे येते. दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा राज्याचा कायदा झाला तेव्हाच तो दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांसाठी ठेवला गेला. त्याहून लहान दुकानांनी नुसती नोंद कळवायची. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, कुठल्याही बाजारपेठेत फिरा, बहुतेक दुकानांत चार-सहा माणसं. म्हणजे तास, सुट्टी, जादा कामाचा दाम हे सगळं शेठच्या स्वभावावर. मोठ्या दुकानात रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती आणि तिच्या सुरक्षेची सोय लागते. कायद्यात ते ठीक आहे, पण माझ्या गावची शेवटची एसटी त्याच्या कितीतरी आधी निघून जाते. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे रोज येऊन-जाऊन काम करणं परवडायला तरी लागलं. गाडी सुटली तर मात्र अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग?

आणखी एक साधी गोष्ट, स्टूल. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, कारण बसलेली पोरगी आळशी दिसते. केरळात कोझिकोडच्या मिठाई तेरूवरच्या दुकानांतल्या बायकांनी यासाठी लढा दिला आणि 2018 मध्ये त्या राज्यानं कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला. 2021 मध्ये तमिळनाडूनंही दिला. आपण कायद्याची वाट कशाला बघायची? ते काम एका बैठकीत व्यापारी महासंघाला सांगून होण्यासारखं आहे.

ज्यांना दुकानातही काम मिळत नाही त्यांना तिसरेच लोक गाठतात. कुणाच्या तरी दादाचा फोन येतो, 'एक बिझनेस प्लॅन दाखवायचाय'. नांदेडला एखाद्या हॉलमध्ये नेतात, टाय घातलेला माणूस विचारतो, "स्वप्न कुणाकुणाला आहेत? हात वर करा." मग काही हजारांचं किट घ्यायचं आणि खाली आणखी दोघं जोडायचे. डिसेंबर 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांनुसार सामील होण्यासाठी फी घेता येत नाही, पिरॅमिड योजना चालवता येत नाही आणि ओळखपत्राशिवाय, आधी वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या दारात विकायला जाता येत नाही. आमच्या कॉलेजात हे कुणी सांगितलं असतं तर वर्गातल्या काही मुलांचे फीचे पैसे वाचले असते. ती मुलं मग ते पैसे काढायला पुन्हा आपल्याच मावशी-आत्याच्या मागे लागतात. तिथे 'नाही' म्हणणं तर गादीवरच्यापेक्षा अवघड.

सरकारी योजनांचं बघितलं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 2024 पासून बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय-पदविकावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना विद्यावेतन आहे, पण ती शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. रोजगार हमी ही महाराष्ट्रानंच 1972 च्या दुष्काळात देशाला दाखवलेली वाट, तिथे खणणं-उचलणं आहे, आमच्यातले काही जातातही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' रुजवलं त्यालाही आता पाऊण शतक उलटलं. नव्या शैक्षणिक धोरणात आम्हाला प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे श्रेयांक आहेत. ते कुठे मिळवायचे हे कुणी सांगत नाही, म्हणून ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून वही भरतात. ज्या दुकानात पॉइंटवर राबवून घेतात त्याच दुकानाचा शिक्का!

साहेब, काम इथे आहे. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात एप्रिल-मेमध्ये हळदीच्या गाड्यांची रांग लागते. बीट होतं, काटा होतो, पट्टी निघते. लिहिणारे, मोजणारे, संगणकावर नोंद करणारे कमी पडतात म्हणून शेतकरी रात्र रात्र गाडीखाली झोपतात. वाणिज्य शाखेच्या मुलीला याहून चांगली शाळा कोणती? आणि तिथे भाव निदान उघड्यावर पुकारला जातो. आपलाच शेतकरी विकतो तेव्हा चारचौघांत बोली लागते, आणि विकत घ्यायला काउंटरवर जातो तेव्हा त्याच्या कानाशी 'किटच घ्यावं लागतंय' एवढंच ऐकू येतं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथेच बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मानांकनाचं नाव वापरायला प्रत्येक उत्पादकाला नोंदणी करावी लागते. गावोगाव जाऊन ते अर्ज कोण भरून घेणार आहे?

माझ्या मनातलं सगळ्यात पक्कं काम दुसरंच आहे. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक. प्रमाणित बियाणं एकदा घेतलं की त्यातून आलेलं सोयाबीन पुढची दोन-तीन वर्षं बियाणं म्हणून चालतं, हे कृषी विभागच दर उन्हाळ्यात सांगतो. अट एवढीच की उगवण तपासून बघायची. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सावलीत ठेवायचे, आठवड्यानं मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं, कमी उगवले तर एकरी प्रमाण वाढवायचं. यात अवघड काही नाही. पण सहायक कृषी अधिकाऱ्याकडे गावं खूप आणि दिवस थोडे, म्हणून ते पत्रकावरच राहतं. मेच्या सुट्टीत प्रत्येक गावात दोन विद्यार्थी रोजावर ठेवले, घरोघरी चाचणी लावून दिली आणि निकाल कागदावर लिहून दिला, तर किती घरांना जूनमध्ये बियाण्यासाठी काउंटरवर उभंच राहावं लागणार नाही! माती परीक्षणाचे नमुनेही याच दिवसांत, रान रिकामं असताना घ्यायचे असतात. जमिनीत काय कमी आहे हे कागदावर हातात असलं की बाबा विचारू शकतात, "ही पिशवी कशासाठी? माझ्या मातीत जस्त पुरेसं आहे." मागे लागणाऱ्या विक्रेत्याला हे उत्तर पुरतं. आणि ते तयार करायच्या कामातून पोरांना मजुरी मिळते, श्रेयांक मिळतात, विकावं काही लागत नाही.

याशिवाय परिषदेकडून मला थोडंच हवं आहे. खरिपाच्या दिवसांत प्रत्येक कृषी सेवा केंद्राबाहेर मोठ्या अक्षरात फलक असावा की एका मालासाठी दुसरा घेण्याची सक्ती नाही, आणि खाली राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर. तपासणीला येणाऱ्या पथकानं काउंटरवरच्या पोराला दम भरण्याआधी कंपनीच्या आणि वितरकाच्या बिलांची जोडी मागावी, गाडीबरोबर काय काय उतरलं ते तिथे लिहिलेलं असतं. ज्या दुकानांना सुट्टीपुरते विद्यार्थी हवेत त्यांनी बांधलेला पगार, तास आणि घरी जायची वेळ लिहून द्यावी, आणि तसं देणाऱ्या दुकानांचीच यादी कॉलेजच्या फलकावर लागावी. किमान वेतनाचा नियम दुकानातली माणसं मोजून लागू होत नाही, एवढं तरी त्या यादीवर छापता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही जाता जाता.

यादी मात्र एप्रिलच्या मध्यापर्यंत लागली पाहिजे. जूनमध्ये लागलेली यादी आम्ही वाचू ती पुढच्या वर्षाच्या प्रवेशाच्या रांगेत उभं राहून.

उगवण चाचणीचं काम निघालं तर शेवटचा पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी येऊ शकते, आमच्या गावाशेजारची तीन-चार गावंही पायाखालची आहेत. यार्डात लावलंत तरी चालेल. फक्त परतीची गाडी संध्याकाळी लवकर असते, तेवढं तास ठरवताना बघावं.

आपली विश्वासू,
बी.कॉम. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी
ता. सेनगाव, जि. हिंगोली